वर्धेचा पांडुरंग आणि न मिटणारी फाईल

ब्रिटिशांनी त्यांचं नाव काळ्या यादीत टाकलं. पुढे ब्रिटिश गेले, यादी मात्र राहिली. इतकी की स्वतंत्र भारतानेच या देशभक्ताला आधी व्हिसा नाकारला! आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या पांडुरंग खानखोजेंची ही गोष्ट. आणि त्यांच्यावर, त्यांच्या साथीदारांवर जगभर ठेवलेल्या पाळतीचीही.

मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाची एक जुनी इमारत आहे. तिच्या भिंतींवर दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने १९२०च्या दशकात भलीमोठी चित्रं काढली. त्यातलं एक चित्र आहे भाकरीचं. एका टेबलाभोवती साधी, कष्टाची माणसं बसलीत, आणि मधोमध बसलेला एक माणूस भाकर तोडून सगळ्यांना वाटतोय.

हा माणूस मेक्सिकन नाही. तो आपला आहे, वर्धेचा. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

आपल्या समुद्रपूर तालुक्यातून रोज कितीतरी पोरं-पोरी एसटीने हिंगणघाट, वर्धा करतात. त्यातल्या किती जणांनी हे नाव ऐकलं असेल? सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी मेक्सिकोतल्या चापिंगो कृषी विद्यापीठात खानखोजेंच्या पुतळ्याचं अनावरण केलं, तेव्हा पेपरात बातमी आली. दोन दिवस व्हॉट्सॲपवर फिरली आणि विसरून गेलो.

पण या माणसाला विसरला नव्हता असा एक जण होता. ब्रिटिश सरकारचं गुप्तहेर खातं.

टिळक म्हणाले, जपानला जा

खानखोजेंचा जन्म १८८०च्या दशकातला. वडील अर्ज लिहून देण्याचं काम करायचे. म्हणजे कचेरीबाहेर बसून लोकांचे सरकारदरबारी अर्ज लिहायचे ते. शाळा वर्धेत, पुढचं शिक्षण नागपुरात. तरुण वयातच डोक्यात क्रांतीचं वारं शिरलं आणि त्यासोबतच पोलिसांच्या वहीत नावही शिरलं.

इथे राहून काही होणार नाही, लष्करी शिक्षण घ्यायचं तर देशाबाहेर जायला हवं, हे पक्कं झालं. त्यांचं दैवत लोकमान्य टिळक. टिळकांनी सल्ला दिला, जपानला जा. जपान तेव्हा आशियातली एकमेव स्वतंत्र, ताकदवान सत्ता. नुकताच रशियाला हरवून बसलेला देश.

जपानहून खानखोजे अमेरिकेत पोहोचले. तिथे कॅलिफोर्नियातल्या माउंट तमालपाइस मिलिटरी अकॅडमीत दाखल झाले, आणि ओरेगॉन व वॉशिंग्टन या राज्यांतल्या कृषी कॉलेजांतही शिकले. म्हणजे एका हातात बंदूक, एका हातात बियाणं. 

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा हजारो पंजाबी मजूर होते. लाकडाच्या गिरण्यांत, शेतांवर, रेल्वेच्या कामावर. त्यांच्यात जाऊन खानखोजे बोलू लागले. १९१३ मध्ये याच लोकांमधून गदर पार्टी उभी राहिली. सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ, कर्तारसिंग सराभा ही त्यातली मोठी नावं. आणि संस्थापकांच्या फळीत आपले खानखोजे. पार्टीचं 'गदर' साप्ताहिक सॅन फ्रान्सिस्कोतून १ नोव्हेंबर १९१३ पासून निघू लागलं आणि जगभर जिथे जिथे हिंदी माणूस होता तिथे तिथे टपालाने जाऊ लागलं.

गोम इथेच होती. टपालाने!

सात समुद्रापारचा सीआयडी

आपल्याला वाटतं, पाळत ही मोबाईलच्या जमान्यातली गोष्ट. तसं नाही. १९०४ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात भारतात केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता खातं उभं राहिलं. पाच वर्षांनी, १ जुलै १९०९ ला, लंडनमध्ये मदनलाल धिंग्राने कर्झन वायलीला गोळ्या घातल्या. सरकार हादरलं. धोका फक्त पुण्यात किंवा कलकत्त्यात नाही, तो लंडन, पॅरिस, सॅन फ्रान्सिस्कोतही आहे हे लक्षात आलं.

मग मुंबई पोलिसांतला जॉन वॉलिंजर नावाचा अधिकारी लंडनला पाठवला गेला. काम एकच. युरोपात राहणाऱ्या हिंदी लोकांवर लक्ष ठेवायचं. एका माणसाचं हे छोटं ऑफिस पुढे 'इंडियन पोलिटिकल इंटेलिजन्स' नावाचं पूर्ण खातं झालं आणि थेट १९४७ पर्यंत चाललं. गंमत बघा, पहिल्या महायुद्धात याच वॉलिंजरच्या हाताखाली स्वित्झर्लंडमध्ये एक लेखक हेर म्हणून काम करत होता. सॉमरसेट मॉम! त्याच्या हेरकथांमधला एक हिंदी क्रांतिकारक हा वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्यावर बेतलेला मानतात. हे वीरेंद्रनाथ म्हणजे सरोजिनी नायडूंचे भाऊ.

अमेरिका-कॅनडाच्या बाजूला होता विल्यम हॉपकिन्सन. आधी कलकत्ता पोलिसात होता. हिंदी बोलता यायचं. कॅनडातल्या व्हँकुव्हरला तो अधिकृतपणे इमिग्रेशन इन्स्पेक्टर आणि दुभाषा. म्हणजे बोटीतून उतरणाऱ्या प्रत्येक हिंदी माणसाशी बोलणं हीच त्याची नोकरी. कोण आला, कुठून आला, कोणाकडे उतरणार, खिशात पत्ता कोणाचा, सगळं कळायचं. त्याचे रिपोर्ट ओटावाला जात, तिथून लंडनला, आणि लंडनहून भारतात. अमेरिकेत त्याला अटकेचा अधिकार नव्हता. त्याने वेगळा रस्ता काढला. अमेरिकन अधिकाऱ्यांना माहिती पुरवायची आणि परदेशी नागरिकांच्या कायद्यात माणूस अडकवायचा. मार्च १९१४ मध्ये हरदयाळ यांना अशीच अमेरिकन इमिग्रेशन खात्याकडून अटक झाली. जामिनावर सुटताच ते देश सोडून निघून गेले.

पाळतीची पाच हत्यारं

त्या काळी ना सर्व्हर होता, ना स्पायवेअर. मग हे सगळं चालायचं कसं?

एक, टपाल. १८९८च्या पोस्ट ऑफिस कायद्यात सरकारला पत्र अडवायचा, उघडायचा अधिकार होता. तारेसाठी १८८५चा टेलिग्राफ कायदा होताच. संशयिताचं पत्र गुपचूप उघडायचं, नक्कल काढायची, पुन्हा चिकटवून पुढे पाठवायचं. पत्र अडवून उपयोग नाही, कारण मग समोरचा सावध होतो. पत्र जाऊ द्यायचं आणि उत्तराची वाट बघायची!

दोन, बंदर. छापील माल पकडायला सी कस्टम्स ॲक्ट. 'गदर'चे अंक या कायद्याखाली भारतात आणायला बंदी होती. माणसं पकडायला सप्टेंबर १९१४चा वटहुकूम. परदेशातून परतणाऱ्या प्रत्येकाची चौकशी होई, आणि कोणाला सोडायचं, कोणाला गावात नजरकैदेत ठेवायचं, कोणाला तुरुंगात टाकायचं हे ठरे. त्याच महिन्याच्या शेवटी कोलकात्याजवळ बजबज इथे कोमागाटा मारू जहाजातून उतरलेल्यांवर गोळीबार झाला.

तीन, पासपोर्ट. युद्धाआधी भारतातून बाहेर जाताना पासपोर्ट लागतच असे असं नाही. युद्धाच्या काळात तो सक्तीचा झाला आणि १९२० मध्ये त्यावर कायदाच आला. भारतात पाय ठेवण्यासाठी कागद हवा, हा नियम गदरच्या भीतीतूनही आला. हा १९२०चा कायदा रद्द होऊन नवा कायदा यायला २०२५ साल उजाडलं!

चार, पैसा. कोणाला कुठून किती पैसे आले याचा माग. महायुद्धात जर्मनी हिंदी क्रांतिकारकांना पैसा आणि शस्त्रं देत होती, तेव्हा हा माग फार कामाचा ठरला.

पाच, माणूस. आणि हे सगळ्यात धारदार हत्यार.

एक कृपालसिंग पुरेसा होतो

१९१४ मध्ये महायुद्ध पेटलं. गदरच्या लोकांना वाटलं हीच वेळ. हजारो जण अमेरिका-कॅनडाहून भारताकडे निघाले. त्यात पुण्याजवळच्या तळेगाव ढमढेरेचा एक मराठी तरुण होता. विष्णू गणेश पिंगळे. रासबिहारी बोस, सराभा आणि पिंगळे यांनी मिळून ठरवलं, २१ फेब्रुवारी १९१५ ला लष्करी छावण्यांमध्ये एकाच वेळी उठाव करायचा.

पण पोलिसांनी या गटात कृपालसिंग नावाचा माणूस आत घुसवला होता. तारीख फुटली. संशय आला म्हणून तारीख मागे आणून १९ फेब्रुवारी केली, तर तीही फुटली. छावण्यांमधल्या पलटणींची शस्त्रं काढून घेतली गेली. उठाव होण्याआधीच संपला. पिंगळे २३ मार्चला मेरठच्या छावणीत बॉम्बसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरमध्ये सराभांसोबत फासावर गेले.

इतके महिने तयारी, इतके देश, इतकी माणसं. आणि बुडवायला एक जण पुरला.

तिकडे हॉपकिन्सनचा शेवटही असाच खबऱ्यापायी झाला. त्याचा खबरी बेला सिंगने व्हँकुव्हरच्या गुरुद्वाऱ्यात दोघांना गोळ्या घालून मारलं. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला हॉपकिन्सन कोर्टात आला, तेव्हा २१ ऑक्टोबर १९१४ ला मेवासिंगने त्याला तिथेच गोळ्या घातल्या. जानेवारी १९१५ मध्ये मेवासिंगला फाशी झाली.

गुलामाने गुलामाची खबर दिली

आता या गोष्टीतलं सगळ्यात विचित्र पान.

अमेरिकेत जर्मन वकिलातीच्या मदतीने 'ॲनी लार्सन' नावाच्या जहाजात हजारो रायफली भरल्या गेल्या. मार्च १९१५ मध्ये हे जहाज सॅन दिएगोहून निघालं. मेक्सिकोच्या किनाऱ्यापासून दूर एका बेटाजवळ दुसऱ्या जहाजाला, 'मॅव्हरिक'ला, हा माल द्यायचा आणि तो भारतात पोहोचवायचा असा बेत. दोन्ही जहाजांची चुकामूक झाली. भटकत भटकत ॲनी लार्सन पुन्हा अमेरिकेच्याच बंदरात आलं आणि जूनअखेर पकडलं गेलं. ज्या शस्त्रांची वाट बंगालमध्ये बाघा जतीन बघत होते ती आलीच नाहीत. सप्टेंबरमध्ये बालासोरजवळ पोलिसांशी लढताना ते जबर जखमी झाले आणि गेले.

या जर्मन-हिंदी बेतांची माहिती ब्रिटिशांना देणाऱ्यांत एक नाव येतं, इमॅन्युएल व्होस्का. हा झेक माणूस. न्यूयॉर्कमध्ये दगड-संगमरवराचा धंदा करायचा. झेक लोकांचा देश तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्याखाली गुलामीत होता. व्होस्का आणि त्याचे सत्तर-ऐंशी साथीदार टोमाश मासारिक यांच्यासाठी, म्हणजे झेक स्वातंत्र्यासाठी काम करत होते. ऑस्ट्रियाचे प्रजाजन म्हणून जर्मन आणि ऑस्ट्रियन वकिलातींत त्यांच्यावर कोणी संशय घ्यायचं नाही. तिथून मिळालेली माहिती ते ब्रिटिश नौदलाचा अधिकारी गाय गाँट याच्याकडे द्यायचे. बदल्यात मासारिकना ब्रिटनचा पाठिंबा हवा होता.

शत्रूचा शत्रू तो मित्र, या एका हिशोबाने हिंदी क्रांतिकारक जर्मनीकडे गेले. त्याच हिशोबाने झेक क्रांतिकारक ब्रिटनकडे गेले. दोघांनाही स्वतःचा देश स्वतंत्र हवा होता. आणि एकाच्या स्वातंत्र्याची खबर दुसऱ्याने साहेबाला दिली. व्होस्काला खलनायक म्हणणं सोपं आहे. पण त्याच्या जागी आपण असतो तर?

१९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला. पुढे काय झालं तेही ऐका. १५ मार्च १९३९ ला हिटलरच्या फौजा प्रागमध्ये शिरल्या. आता तोच खेळ झेक लोकांवर उलटला. गेस्टापोची पाळत, फुटलेली पत्रं, पकडलेले बिनतारी संदेश, आत पेरलेले खबरे. लंडनहून विमानाने उतरवलेल्या झेक सैनिकांनी मे १९४२ मध्ये नाझींचा बडा अधिकारी हायड्रिखवर हल्ला केला आणि त्यातच तो पुढे मेला. जूनमध्ये नाझींनी लिदित्से हे अख्खं गाव पुसून टाकलं. मारणारे चर्चमध्ये लपले होते. त्यांच्यापर्यंत गेस्टापो पोहोचली ती कारेल चुर्दा या त्यांच्याच एका साथीदारामुळे. तोही विमानातूनच उतरलेला होता, आणि बक्षिसासाठी तोंड उघडून बसला. लाहोरचा कृपालसिंग आणि प्रागचा चुर्दा. फरक फक्त नावाचा.

आणि व्होस्का? दुसरं महायुद्ध संपल्यावर देशात कम्युनिस्ट राजवट आली. तिने म्हाताऱ्या व्होस्काला हेरगिरीच्या आरोपाखाली तुरुंगात टाकलं. ज्या परदेशी ओळखींवर त्याने देश उभा करायला मदत केली होती, त्याच ओळखी आता गुन्हा ठरल्या.

संशय नावाचं विष

अमेरिका युद्धात उतरली आणि नोव्हेंबर १९१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हिंदू-जर्मन कटाचा खटला उभा राहिला. खटल्याच्या अगदी शेवटी, एप्रिल १९१८ मध्ये, भर कोर्टात गदरचे नेते रामचंद्र यांना गोळ्या घालून मारलं गेलं. मारणारा ब्रिटिश नव्हता. तो गदरचाच रामसिंग होता. रामचंद्र फुटले, पैसे खाल्ले असा त्याचा संशय. क्षणात कोर्टातल्या मार्शलने रामसिंगलाही गोळी घातली.

पाळतीचं सगळ्यात मोठं यश हे असतं. पकडलेल्या पत्रांपेक्षाही मोठं. आपल्यात कोणीतरी फुटलंय एवढं नुसतं वाटू लागलं की संघटना आतूनच कुजते. मग खबऱ्या खरंच असला काय अन् नसला काय!

मग खानखोजेंचं काय झालं?

खानखोजे या सगळ्यातून निसटले. युद्ध सुरू झाल्यावर ते तुर्कस्तानमार्गे इराणात पोहोचले. नाव बदललं, वेष बदलला आणि ब्रिटिशांशी लढणाऱ्या स्थानिक टोळ्यांमध्ये सामील झाले. युद्ध संपल्यावर बर्लिन. १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त यांच्यासोबत मॉस्को. हे भूपेंद्रनाथ म्हणजे स्वामी विवेकानंदांचे धाकटे भाऊ. पण युरोपात राहणं दिवसेंदिवस अवघड होत गेलं. हद्दपारीची तलवार डोक्यावर, आणि भारतात परतणं म्हणजे थेट बेडी.

१९२४ मध्ये त्यांनी मेक्सिको गाठलं. अमेरिकेत असताना मेक्सिकन क्रांतिकारकांशी झालेली मैत्री कामी आली आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. इथे हातातली बंदूक सुटली, बियाणं राहिलं. मका, गहू, कडधान्यं यांवर त्यांनी संशोधन केलं. थंडीत आणि कोरड्यात तग धरणारी वाणं शोधली. गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. मेक्सिकोचे लोक त्यांना चापिंगोचा जादूगार म्हणू लागले. फोटोग्राफर टिना मोदोत्तीने त्यांच्या कामाचे फोटो काढले आणि रिव्हेराने त्यांना भिंतीवर अमर केलं. बेल्जियन तरुणीशी लग्न झालं, दोन मुली झाल्या.

१९४७ ला देश स्वतंत्र झाला. आता घरी जायचं! खानखोजेंनी अर्ज केला. आणि स्वतंत्र भारताच्या सरकारने व्हिसा नाकारला. कारण? ब्रिटिशांनी घातलेली बंदी. यादीत नाव होतं.

ज्यांनी यादी केली ते जहाजात बसून निघून गेले होते. ज्यांच्यासाठी माणूस आयुष्यभर वणवण फिरला ते दिल्लीत खुर्चीवर होते. आणि टेबलावरचा कारकून फाईल उघडून वाचत होता, धोकादायक इसम.

पुढे ही बंदी उठली. खानखोजे परत आले, नागपुरात राहिले. २२ जानेवारी १९६७ ला तिथेच त्यांचं निधन झालं. कन्या सावित्री साहनी यांनी पुढे त्यांचं चरित्र लिहिलं.

ही एकट्याची गोष्ट म्हणावी तर तसंही नाही. २०१५ मध्ये उघड झालेल्या कागदांवरून कळलं की स्वातंत्र्यानंतरही, १९४८ ते १९६८ अशी वीस वर्षं, सुभाषबाबूंच्या नातलगांवर आपल्याच गुप्तचर खात्याची पाळत होती. त्यांची पत्रं उघडून नक्कल केली जात होती. राज्यकर्ता बदलला तरी फाईलला ते कोणी सांगत नाही.

वर्धेचं दुसरं उत्तर

पाळत ठेवली जातेय हे माहीत असताना जगायचं कसं? खानखोजेंचं उत्तर, नाव बदल, वेष बदल, देश बदल. पण याच वर्धा जिल्ह्यात एक अगदी उलटं उत्तरही दिलं गेलं.

१९३६ मध्ये गांधीजी वर्धेजवळच्या सेगावात राहायला आले. पत्रं इतकी यायची की सेगाव आणि बुलढाण्याचं शेगाव यांत टपालाची गफलत होऊ लागली. म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. जगभरातून माणसं यायची. जून १९४२ मध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर आठवडाभर तिथे राहून गेला. हे सगळं सरकारच्या डोळ्यांसमोर.

गांधीजींचं म्हणणं, लपवायचंच नाही. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह करायच्या आधी त्यांनी स्वतःच व्हाइसरॉयला पत्र लिहून बेत कळवला. आता कोणता हेर काय शोधणार? ८ ऑगस्ट १९४२ च्या मुंबईच्या भाषणातही त्यांनी बजावलं की हे उघड बंड आहे, यात गुप्तता नको.

पण दुसऱ्याच पहाटे सगळे नेते तुरुंगात गेले, आणि लोकांनी आपापला रस्ता धरला. १६ ऑगस्टला आपल्या जिल्ह्यातल्या आष्टीत आणि शेजारच्या चिमूरमध्ये लोक पेटले. मुंबईत उषा मेहता आणि साथीदारांनी गुप्त रेडिओ चालवला. तो नोव्हेंबरमध्ये पकडला गेला, कारण फुटला तो तंत्रज्ञ. याउलट साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील १९४२ ते १९४६ भूमिगत राहिले आणि सापडले नाहीत. त्यांना गावांनी लपवलं. अर्थात त्यालाही काळी बाजू होती. खबऱ्यांना तिथे फार क्रूर शिक्षा झाल्या. त्यावरूनच 'पत्री सरकार' हे नाव पडल्याचं सांगतात.

यातलं कोणतं उत्तर बरोबर? परीक्षेत येईल असा हा प्रश्न नाही. गांधीजींना लपायची गरज नव्हती कारण सगळं जग त्यांच्याकडे बघत होतं. खानखोजेंकडे फक्त पोलीस बघत होते. ज्याच्या मागे कोणी नाही त्याने मला लपवायचं काही नाही असं म्हणणं किती परवडतं, हे ज्याचं त्याने बघावं.

आणि आपली फाईल?

हॉपकिन्सनला एका माणसाचे मित्र कोण हे शोधायला महिने लागायचे. आपण ते फोनमध्ये स्वतः भरून ठेवलंय. कोणाशी बोललो, कुठे गेलो, कोणाला किती पैसे पाठवले. टपाल, बंदर, पासपोर्ट, पैसा, माणूस ही पाचही हत्यारं आता एका खिशात मावतात.

म्हणून पाळत नकोच का? तसं म्हणता येत नाही. दहशतवादी हल्ला रोखायचा तर कोणाचा तरी फोन ऐकावाच लागेल. प्रश्न एवढाच की हुकूम कोण देतो, किती दिवसांसाठी, आणि काम झाल्यावर फाईल बंद कोण करतो? १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने फोन टॅपिंगबाबत हेच सांगितलं. हुकूम गृहसचिव पातळीवरूनच निघावा, त्याला मुदत असावी आणि समितीने तो तपासावा. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आला, पण सरकार ठरवेल त्या सरकारी यंत्रणांना त्यातून सूटही ठेवली गेली. १८९८चा पोस्ट कायदा गेला, नवा आला. टपाल अडवायचा अधिकार नव्या कायद्यातही आहेच.

यावर बोलायला, भांडायला, प्रश्न विचारायला वकीलच असावं लागतं असं नाही. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेला हा विषय घ्या की! खानखोजेंना व्हिसा नाकारणारा माणूस दुष्ट नव्हता. त्याने फक्त समोर आलेली फाईल वाचली, आणि ती लिहिली कोणी, कशासाठी, हे विचारलं नाही.

—चौकट—

पाळत ठेवणाऱ्यांवर तुम्हीच ठेवा नजर!

ब्रिटिशांनी लिहिलेले हे गुप्त कागद आज कोणीही वाचू शकतं.

• भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' नावाचं पोर्टल आहे. ब्रिटिश काळातल्या गृह खात्याच्या राजकीय फायली त्यावर बघायला मिळतात. नाव शोधताना जुनी इंग्रजी स्पेलिंगं वेगवेगळी टाकून बघा. साहेबाने एकच नाव चार प्रकारे लिहिलेलं असतं!

• लंडनच्या इंडियन पोलिटिकल इंटेलिजन्सच्या फायली १९९७ मध्ये खुल्या झाल्या. त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

• राज्य पुराभिलेख विभागाचं कार्यालय नागपुरात आहे. जुन्या मध्य प्रांताचे कागद बघायचे असतील तर इतिहासाच्या सरांकडून पत्र घेऊन जा.

• आणि सगळ्यात आधी घरातली, गावातली पेटी उघडा. समुद्रपूर, गिरड, मांडगाव, जाम कुठेही असा. १९४२ मध्ये तुरुंगात गेलेल्या आजोबा-पणजोबांची पत्रं, दाखले असतील तर मोबाईलवर स्कॅन करून ठेवा. सरकारने लिहिलेली फाईल जपून राहते. घरच्यांनी लिहिलेलं पत्र वाळवी खाते. मग पुढच्यांना फक्त सरकारची बाजू वाचायला मिळते.